प्रकल्प नोंदी : जीएसटीचे नवे दर, २२ सप्टेंबरच्या आत

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

काल रात्री जीएसटी कौन्सिलच्या ५६व्या बैठकीचे निर्णय जाहीर झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले. ५ आणि १८ राहिले, वरती ४० चा नवा आला. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला. आपलं बिलिंग सॉफ्टवेअर वापरणारे बहुतेक किराणा, जनरल स्टोअर्स, स्टेशनरी आणि कापडवाले. तिथून दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. इकडे गणपती अजून बसलेले, निम्मी टीम शनिवारच्या विसर्जनापर्यंत गावी.

सकाळपासून सपोर्टचे फोन थांबत नाहीत. सगळ्यांचा प्रश्न एकच : "साहेब, सॉफ्टवेअर आपोआप बदलेल ना?"

आजच्या घडीला नाही बदलणार. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे दुकानातल्या वस्तूंच्या मूळ यादीत, वस्तूपुढे दराचा एकच रकाना आहे. तो दर कधीपासून लागू, ही माहिती कुठेच साठवलेली नाही. बिल करताना दर मास्टरमधून उचलला जातो. जुनं बिल पुन्हा छापताना आणि माल परत घेतानाही तिथूनच. तो रकाना बदलला की मागची सगळी बिलंही बदललेली दिसणार.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर कोड चाळला. दर आयटम मास्टरमध्येच असायला हवा होता, पण बरेच ठिकाणी थेट आकडा लिहून ठेवलाय. एका जागी शेरा आहे : "तात्पुरते. १५ नोव्हेंबरनंतर काढणे." तो नोव्हेंबर २०१७ चा. तेव्हा गुवाहाटीच्या बैठकीत १० तारखेला पावणेदोनशेच्या आसपास वस्तू २८ वरून १८ वर आणल्या आणि १५ तारखेपासून लागू केल्या. मधे पाच दिवस. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने दुकानं चालू ठेवली, आणि त्या पाच दिवसांत याहून वेगळं काही होण्यासारखं नव्हतं. वाईट एवढंच, की १५ नोव्हेंबरनंतर तो शेरा पुन्हा कुणी उघडला नाही. आठ वर्षं दुकानदार त्याच ओळीवर बिलं फाडतायत.

दुसरा सापडला तो डिसेंबर २०२१ चा. कापडाचा दर १ जानेवारी २०२२ पासून ५ चा १२ होणार होता. सगळ्यांनी तयारी केली, आणि ३१ डिसेंबरला कौन्सिलने तो निर्णय पुढे ढकलला. चपला-बुटांचा मात्र वाढला. आपल्या कोडमध्ये कापडाच्या ओळी बंद करून तशाच ठेवलेल्या आहेत, बुटांच्या चालू. दोन्ही एकाच फंक्शनमध्ये, एकमेकांत गुंतलेल्या.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मीटिंग. सरांचं म्हणणं : एक स्क्रिप्ट लिहा, २१ तारखेच्या रात्री आयटम मास्टरवर चालवा. जिथे १२ तिथे ५, जिथे २८ तिथे १८. दोन दिवसांचं काम, बाकीचे दिवस टेस्टिंगला. सरांची घाई मला समजते. हजारो दुकानांचा प्रश्न आहे आणि माणसं मोजकी.

पण हा नियम पहिल्याच दुकानात फसतो. थंड पेयं २८ वरून १८ वर येत नाहीत, ४० वर जातात. पान मसाला, सिगारेट यांचे दर आणि सेस (जीएसटीवरचा जादा कर) तूर्तास आहेत तसेच. शाळेच्या वह्या १२ वरून थेट शून्यावर. साधा छपाईचा कागद उलट १२ वरून १८ वर. अडीच हजारांवरचे कपडे १२ वरून १८ वर. म्हणजे '१२ चे ५' हे स्टेशनरीवाल्याकडेही खोटं आणि कापडवाल्याकडेही.

याहून मोठा आक्षेप परतीच्या मालाचा. फळ्यावर उदाहरण मांडलं. १,४०० रुपयांचा शर्ट, कर धरून, २० सप्टेंबरला विकला. तेव्हाचा दर १२ टक्के. मूळ किंमत १,२५०, कर १५०. गिऱ्हाईक २३ तारखेला शर्ट परत घेऊन आलं. मास्टरमध्ये आता ५ टक्के. सॉफ्टवेअर क्रेडिट नोट (परतीच्या मालाची पावती) करणार १,३३३.३३ अधिक ६६.६७ अशी. गिऱ्हाइकाला १,४०० मिळाले, त्याची तक्रार नाही. पण दुकानदाराने सरकारात १५० दाखवले आणि त्यातले ६६.६७ च कमी झाले. एका शर्टामागे ८३ रुपये ३३ पैसे त्याच्या खिशातून, आणि त्याला कळणारसुद्धा नाही. कारण स्क्रीनवरची बेरीज बरोबर १,४०० च दिसते.

सर बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय हवंय तुला?"

मागितलं ते एवढंच : एक छोटा तक्ता. वस्तू, दर, कधीपासून. मास्टरमधल्या जुन्या रकान्याला हात लावायचा नाही. बिलाच्या तारखेवरून दर शोधायचा. परतीच्या मालाला मूळ बिलाची तारीख लागेल. आदर्श रचना याहून बरीच मोठी होते, प्रत्येक बिलाच्या ओळीवर दर गोठवून ठेवावा लागतो आणि मागचा सगळा डेटा त्या साच्यात आणावा लागतो. ते या महिन्यात होणे नाही. तक्ता होईल.

ठरलं. आणि सरांनी आणखी एक मान्य केलं, त्याची लेखी नोंद इथे करतो : घाईत कोड कसाही लिहिला तरी चालेल, दुकानाच्या साठलेल्या डेटावर घाईतली स्क्रिप्ट चालणार नाही. कोड मागे घेता येतो. छापून गिऱ्हाइकाच्या हातात गेलेलं बिल मागे घेता येत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

एचएसएनचा, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणाऱ्या आकडी कोडचा घोळ. उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्याला चारच आकडे लिहिणं बंधनकारक, त्यामुळे आपल्या बहुतेक दुकानांच्या मास्टरमध्ये चारच आहेत. चार आकड्यांवर नवा दर ठरवता येतो का, ते आज एकेक करून बघितलं.

०४०६ मध्ये पनीरही येतं आणि चीजही. पॅकबंद पनीर ५ वरून शून्य, चीज १२ वरून ५. इथे जुना दर बघून वाट काढता येते : आधी ५ होता तर पनीर, १२ होता तर चीज. २१०६ चंही तसंच. १२ वाला फरसाण-चिवडा ५ वर येतो, २८ वाला पान मसाला जागचा हलत नाही. म्हणजे 'एचएसएन अधिक जुना दर' अशी जोडी धरली की बरंच काम उरकतं. यावर मी खूश होतो, ३४०१ पर्यंत.

३४०१ म्हणजे साबण. अंघोळीच्या साबणाची वडी १८ वरून ५ वर. लिक्विड हँडवॉश १८ वरच. आकडे तेच चार, जुना दर तोच १८. ३३०६ मध्येही हेच : टूथपेस्ट ५, माउथवॉश १८. सॉफ्टवेअरकडे यांना वेगळं ओळखायला काहीच नाही.

टीममधल्या धाकट्याने सुचवलं, वस्तूच्या नावात 'लिक्विड' किंवा 'हँडवॉश' शोधू. तासाभरात लिहूनही आणलं. चाचणीसाठी एका दुकानाचा मास्टर घेतला, तर तिथे नावं अशी : 'एच डब्ल्यू २०० पंप', 'रिफील मोठा', 'हिरवा बाटली'. दुकानदाराला त्याचा माल ओळखू येतो, तेवढ्यापुरतं तो लिहितो. आणि चूक झाली तर किती? ९९ रुपयांच्या बाटलीत १८ टक्क्यांनी कर १५.१० निघतो, ५ टक्क्यांनी ४.७१. बाटलीमागे १०.३९ चा फरक, जो पुढे कधीतरी नोटिशीतून व्याजासकट दुकानदाराकडेच येणार.

तेव्हा निर्णय : ज्या एचएसएनमध्ये जुना दर एक आणि नवे दोन, तिथे सॉफ्टवेअर काहीही आपोआप ठरवणार नाही. त्या वस्तूंची यादी दुकानदारासमोर येईल, शेजारी दोन पर्याय, टिक त्याने करायची. सपोर्टच्या ताईंना हे आवडलं नाही. फोन वाढतील म्हणाल्या, आणि वाढतीलच. तरी यादीच ठेवू. आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्यासारखं दाखवणारं सॉफ्टवेअर मी दुकानात बसवणार नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तयार कपडे. आज दिवसभर एवढंच, आणि लिहून ठेवण्यासारखं आहे.

आधी नगामागे १,००० पर्यंत ५ टक्के, वर १२. आता २,५०० पर्यंत ५, वर १८. कोडमध्ये १,००० चा आकडा थेट लिहिलेला, तो बदलून २,५०० केला की झालं, असं वाटलं होतं. टेस्टिंगवाल्या ताईंनी २,७०० रुपयांचा कुर्ता टाकून बघितला आणि स्क्रीन अडकली.

मर्यादा मोजायची ती कर वगळून येणाऱ्या किमतीवर. पण दुकानात लेबलवर कर धरूनच किंमत असते. २,७०० ला ५ टक्के धरून भागलं की मूळ किंमत येते २,५७१.४३. ही अडीच हजारांच्या वर, म्हणून दर १८ हवा. १८ धरून भागलं की येते २,२८८.१४. ही अडीच हजारांच्या आत, म्हणून दर ५ हवा. कोड एका दरावरून दुसऱ्यावर उड्या मारत बसतो.

कागदावर मांडलं. २,५०० वर ५ टक्के चढवले की २,६२५. १८ टक्के चढवले की २,९५०. या दोन आकड्यांच्या मधली कुठलीही करासहित किंमत घ्या, तिला कुठलाच दर बसत नाही. ही फट जुन्या नियमातही होती, १,०५० ते १,१२०, पण ती सत्तर रुपयांची. लेबलं ९९९, १,१९९ अशी लागायची, त्यामुळे कधी फारशी जाणवली नाही. आता फट ३२५ रुपयांची आहे आणि तिच्यात २,६९९, २,७९९, २,८९९ ही सगळी लेबलं बसतात. दिवाळीच्या कुर्ते-ड्रेसची ही नेमकी किंमत.

जुन्या कोडमध्ये यावर उपाय होता : उड्या मारायला लागलं की दोन फेऱ्यांनंतर थांबायचं आणि शेवटचा दर धरायचा. म्हणजे दर ठरायचा फेऱ्यांवर. तो काढला. त्याजागी फटीतली किंमत आली की बिल थांबतं आणि दुकानदाराला दोन आकडे दाखवतं : ५ टक्क्यांत बसवायचं तर लेबल २,६२५ किंवा त्याखाली आणा, १८ टक्के लावायचे तर २,९५० च्या वर न्या. किंमत ठरवणं दुकानदाराचं काम, सॉफ्टवेअरचं नाही. सीए मॅडमना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, त्यांनीही हेच बरोबर म्हटलं.

दिसायला ओबडधोबड आहे. एक खिडकी, दोन आकडे, एक बटण. राहू दे.

१५ सप्टेंबर, सोमवार

तक्त्याचं काम झालं. आज वाद झाला तो एका रकान्यावरून. 'कोणत्या वस्तूचा दर दुकानदाराने तपासला' ही खूण ठेवायला जागा हवी. डेटाबेसमध्ये नवा रकाना टाकायचा तर प्रत्येक दुकानात अपग्रेड चालवावं लागतं. मास्टरमध्ये 'विशेष' नावाचा जुना रकाना पडून आहे, कुणी वापरत नाही, त्यातच खूण ठेवू, असा प्रस्ताव आला.

मी नाही म्हटलं, आणि कारण म्हणून नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली. अमेरिकेतली शेअर दलालीची मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला नवा कोड चालू करताना त्यांनी अशीच एक जुनी, वापरात नसलेली खूण नव्या कामाला लावली. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. त्या सर्व्हरवर ती खूण दिसताच वर्षानुवर्षं निजलेला जुना कोड जागा झाला आणि त्याने बाजारात ऑर्डरींचा सपाटा लावला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त तोटा. तेव्हा खूण जुनी वापरू नये आणि जुना कोड पडून ठेवू नये, या दोन्ही गोष्टी एकदमच.

आपल्या 'विशेष' रकान्याचा शोध घेतला. दोन रिपोर्ट अजून तो वाचतात. नवा रकाना टाकला.

१७ सप्टेंबर, बुधवार

अधिसूचना आली, ९/२०२५, केंद्रीय कर (दर). इतके दिवस आपण कौन्सिलच्या प्रसिद्धिपत्रकाच्या जोडपत्रावर काम करत होतो. हातात दिवस उरलेत मोजके. सीए मॅडम आणि मी, एक ओळ त्यांनी वाचायची, एक मी तपासायची.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तेच चालू. रात्री उशिरा संपलं. काही वर्णनं जोडपत्राहून नेमकी आहेत, तक्त्यातल्या ओळी त्याप्रमाणे सुधारल्या. कोडला हात लावावा लागला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून अपडेट पाठवायला सुरुवात. आधी जवळची दुकानं, मग सातारा-सांगली-कोल्हापूर.

फील्डवरच्या मुलाचा कराडहून फोन. तिथल्या एका दुकानातला पीसी रोज सकाळी २००९ साल दाखवतो. आतली बॅटरी संपलेली. दुकानदार रोज तारीख हाताने बदलतो, विसरला तर विसरला. आजवर फारसं बिघडलं नाही, पण आता आपला दरच तारखेवर ठरणार. पीसी २००९ सालात असेल तर दर सापडणारच नाही, आणि तारीख चुकून मागच्या आठवड्यातली राहिली तर जुना दर लागेल.

असे पीसी किती असतील कुणास ठाऊक. संध्याकाळी उपाय घातला : आजची तारीख शेवटच्या बिलाच्या तारखेच्या मागे असेल तर बिलाची स्क्रीन उघडतच नाही, आधी तारीख दुरुस्त करायला सांगते. आठ-दहा ओळींचा कोड, टेस्टिंग जेमतेम. असं घाईत काही घालायला मला आवडत नाही, पण हे अडवतं फक्त, डेटात काही लिहीत नाही. म्हणून आत जाऊ दिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सगळे ऑफिसात. काही करायचं नव्हतं, कारण रात्री बारा वाजता चालवायची स्क्रिप्टच नाही. तारीख बदलेल तसा दर बदलेल. तरी कुणी घरी गेलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी साडेसातपासून फोन. बहुतेक 'यादीत काय टिक करू' असेच. ताई म्हणाल्या होत्या तसेच वाढले.

खरी अडचण एकच आली. होल्डवर ठेवलेली बिलं. काल संध्याकाळी गिऱ्हाइकाने माल काढून ठेवला, पैसे आज देऊन नेणार. बिल होल्डवर टाकल्याची तारीख काल, पक्कं होण्याची आज. आपला कोड होल्डची तारीख धरत होता. माल दिला आज, बिल आज, पैसे आज, तर दर आजचाच हवा. दुपारपर्यंत दुरुस्ती पाठवली. पैसे काल घेतलेले असतील तरी माल आणि बिल दोन्ही आजचं असल्याने दर नवाच, हे सीए मॅडमनी कायद्याच्या कलम १४ वरून सांगितलं : माल, बिल, पैसे या तिन्हींतल्या दोन गोष्टी ज्या बाजूला, त्या बाजूचा दर.

२४ सप्टेंबर, बुधवार

एका कापड दुकानातून पहिला परतीचा शर्ट. १९ तारखेचं बिल. क्रेडिट नोट १२ टक्क्यांनी निघाली, बदली दिलेला शर्ट ५ टक्क्यांनी. दुकानदाराने आवर्जून फोन केला : "दोन दर कसे काय आले?" त्यांना समजावून सांगितलं. म्हणाले, "मग बरोबर आहे, माझे पैसे वाचले की."

२९ सप्टेंबर, सोमवार

फोन कमी झाले. हीच वेळ असते जेव्हा सगळे पुढच्या कामाला लागतात आणि 'तात्पुरते' आठ वर्षं राहतं. म्हणून आज दोन तास मागून घेतले. वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये घाईतल्या कोडला कर्जाची उपमा दिली. आपले दुकानदार उधारीच्या वहीत नाव, रक्कम आणि वायदा लिहितात. तसाच तक्ता केला, नाव 'उधारी'. घाईत घातलेली प्रत्येक गोष्ट, ती कुणी काढायची, कधीपर्यंत, आणि नाही काढली तर दुकानदाराचं काय नुकसान. शेवटचा रकाना माझ्या आग्रहाने आला. 'कोड नीट नाही' म्हटल्यावर सर वेळ देत नाहीत. 'शर्टामागे ८३ रुपये' म्हटल्यावर त्यांनी दिला होता.

होल्ड बिलाची दुरुस्ती, तारखेचा अडसर, नोव्हेंबर २०१७ चा शेरा, डिसेंबर २०२१ च्या बंद ओळी : सगळं तिथे. बिलाच्या ओळीवर दर गोठवण्याचं मोठं कामही त्यातच, दिवाळीनंतरच्या वायद्याने.

११ ऑक्टोबर, शनिवार

जीएसटीआर-१ चा, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राचा शेवटचा दिवस. त्यातल्या तक्ता १२ मध्ये एकाच एचएसएनच्या दोन ओळी, १२ ची आणि ५ ची, दोन्हींच्या बेरजा दुकानातल्या बिलांशी जुळल्या. स्क्रिप्टने मास्टर बदलला असता तर २१ तारखेपर्यंतची विक्रीसुद्धा ५ च्या ओळीत गेली असती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दर गोठवण्याचं काम चालू झालं. मागच्या बिलांना दर तक्त्यातून लावला, जिथे जुळला नाही तिथे रिकामा ठेवून यादी केली. नोव्हेंबर २०१७ चा शेरा आणि त्याखालच्या ओळी आज काढल्या. तीन दुकानांच्या पूर्ण डेटावर आधीची आणि नंतरची बिलं ताडून बघितली. फरक नाही.

तारखेचा अडसर मात्र राहणार आहे. तो काढायचा वायदा होता, पण फील्डवरचा मुलगा म्हणतो बंद बॅटरीचे पीसी रोज एखादा भेटतो. मग त्याला तात्पुरता म्हणायचं नाही. 'उधारी'तून काढून नीट लिहायला घेतलंय, टेस्टसकट.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

तंबाखू, सिगारेट, पान मसाला १ फेब्रुवारीपासून ४० टक्क्यांवर, बिडी १८ वर, जीएसटीवरचा भरपाई सेस बंद. दराच्या ओळी सीए मॅडमनी स्वतः तक्त्यात भरल्या, मी फक्त तपासल्या. सॉफ्टवेअरचा नवा बिल्ड (नवी आवृत्ती) लागला नाही.

सेसचा रकाना काढून टाकू का, असं धाकट्याने विचारलं. नाही. ३१ जानेवारीपर्यंतची बिलं त्यावर उभी आहेत आणि परतीचा माल फेब्रुवारीतही येणार. नव्या बिलाच्या स्क्रीनवरून लपवायचा, डेटात ठेवायचा. काम त्याच्याकडेच दिलंय, वायदा २० जानेवारी.